कोयती पाण्यात घातली आणि 'टिंग' वाजलं. काय चुकलं?

आगरवाड्याचो

नमस्कार मंडळी. इथे वर्षभर नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली कारण डोकं फिरलंय.

मी पेडण्याकडचा. दिवसा ऑफिस, शनिवार-रविवार मागच्या अंगणात भट्टी. भट्टी म्हणजे जुनं लोखंडी घमेलं, आत माती थापलेली, खालून पाइप आणि त्याला भंगारातला ब्लोअर. ऐरण परवडत नाही म्हणून खाणीवरच्या कुठल्यातरी मशिनीची मांडीएवढी जाड पिन आणली आणि फणसाच्या ओंडक्यात उभी गाडली, ठोकायला मस्त आहे. कोळसा करवंटीचा, घरचाच. सहा महिन्यांत चार-पाच हुक, दोन खुंट्या आणि एक सांडशी एवढी कमाई (सांडशी वाकडी आहे पण पकडते).

आता आईला कोयती हवी होती, नारळ सोलायला-फोडायला आणि झावळं तोडायला. बाजारातली एका पावसात ढिली झाली. म्हटलं मीच करतो. डिचोलीच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा कमानपाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) आणला, तीन रविवार ठोकला, आकार खरंच चांगला आला होता हो, पुढची चोच पण बरोबर वळली होती. मग ग्राइंडर मारून धार पार ब्लेडसारखी पातळ केली आणि संध्याकाळी पाणी द्यायला (म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करायला) बसलो. भट्टीत घातली, ब्लोअर फुल्ल, चांगली पिवळी झाली, काढली आणि अख्खीच्या अख्खी बादलीत. फस्स झालं, वाफ आली, मी खूश. दोन सेकंदांनी बादलीतून बारीकसा आवाज, 'टिंग'. भांड्यावर नख मारल्यासारखा.

बाहेर काढून बघतो तर धारेपासून वर गेलेली नखाएवढी चीर, आणि पाठीकडे दुसरी, केसासारखी. रागाने ओंडक्यावर एक आपटली तर चोचीकडचा तुकडाच उडाला. मोडलेल्या जागी आत दाणे चमकत होते, आमच्या आगरातलं जाडं मीठ कसं असतं, तसे.

आई काय बोलली नाही, फक्त म्हणाली की तुझे आजोबा ज्या मेस्ताकडे (लोहाराकडे) जायचे तो पण दगडी दोणीतल्या पाण्यातच बुडवायचा, त्याच्या नाय फुटायच्या. हेच मला कळत नाहीये. पाणी तेच, लोखंड ते लोखंड, मग माझीच का फुटली? आणि आता ही वेल्ड करून चालेल का? अजून एक, घर खाडीच्या जवळ आहे, केलेले हुक आठ दिवसांत तांबडे होतात. जीआयचा पाइप/बार तापवून हुक केले तर गंजणार नाहीत ना?

---

कीट_आणि_किटण

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कारण ते जास्त महत्त्वाचं. जीआय भट्टीत घालू नकोस. अजिबात नको. वरचा थर जस्ताचा असतो, तो साधारण ४२० डिग्रीला वितळतो आणि ९०७ ला उकळतो, लोखंड लालभडक होईपर्यंत तुझ्या तोंडासमोर पांढरा धूर. तो नाकातोंडात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना विचार, बऱ्याच जणांनी खाल्लाय. आधी साध्या एमएस (मऊ पोलादाच्या) बारचा हुक घडव, मग हवं तर झिंक प्रायमर मार किंवा बाहेरून गॅल्वनाइझ करून आण. क्रम उलटा करायचा नाही.

आता कोयती. तुझ्या पोस्टमध्ये उत्तर तूच लिहिलंयस, 'जाड्या मिठासारखे दाणे'. चांगलं पाणी चढलेलं पोलाद मोडलं की आतून राखाडी, मऊ, मखमलीसारखं दिसतं, दाणा डोळ्याला दिसतच नाही. दाणे चमकले म्हणजे पाणी द्यायच्या आधी ते फार तापलं होतं. पिवळं कशाला केलंस रे? पिवळं ठोकायला. पाणी द्यायला नाही. पाणी देताना लाल, आणि लालमध्ये पण चेरीच्या जरा वर, नारिंगीकडे झुकायला लागलेला. नुसता डोळा नको, चुंबक ठेव जवळ. लोखंड ७७० डिग्रीच्या आसपास चुंबकाला चिकटायचं बंद होतं. त्याच्या थोडं वर गेलं की बस्स.

दुसरं, कमानपाटा म्हणजे साधं लोखंड नव्हे, स्प्रिंग स्टील. कार्बन अर्धा-पाऊण टक्क्यांच्या मधे आणि वर सिलिकॉन, मँगनीज नाहीतर क्रोमियम. ही मिसळण असली की ते हळू थंड झालं तरी कडक होतं, त्याला पाण्याची घाई लागत नाही, तेल पुरतं. पाण्यात काय होतं, बाहेरचं एका क्षणात गार होऊन कडक, आतलं अजून गरम. मग आतलं पण कडक व्हायला लागतं आणि तेव्हा ते फुगतं, बाहेरचं ताणलं जातं आणि ते आता ताण सोसत नाही. तोच तुझा टिंग. दोन सेकंदांनी का वाजलं ते पण यातच आलं.

तिसरं, धार आधीच ब्लेडसारखी केलीस. पाणी द्यायच्या आधी धारेला निदान दीड मिलिमीटर जाडी ठेवायची आणि ग्राइंडरचे आडवे ओरखडे कानस-पॉलिशपेपरने काढायचे. प्रत्येक ओरखडा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण. बाकीची धार मागाहून, तीही पाण्यात बुडवत बुडवत, ग्राइंडरखाली निळा डाग पडला की तिथलं पाणी उतरलं समज.

चौथं तुझ्या हातात नाही, पाटाच आधीपासून चिरलेला असू शकतो. खाणीच्या ट्रकची कमान आयुष्यभर दहा-दहा टन घेऊन खड्ड्यांत आपटलेली असते. तुकडा कापला की घासून लख्ख कर, डिझेल चोळ, पाच मिनिटांनी पुसून वर खडूची पूड टाक. चीर असेल तर डिझेल आतून वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

वेल्ड करू नको. कोयती हवेत फिरवायची वस्तू आहे, उडालेला तुकडा आईच्या डोळ्यात जायचा. सरळ भंगारात टाक, किंवा चांगल्या भागाच्या छिन्न्या कर.

---

भात्याकडचा_पोर

वरच्यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त दोणीचं सांगतो. बाबांचं आयुष्य गेलं त्यात आणि माझं बालपण भाता ओढण्यात, शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि भाता.

तुझ्या आईचं बरोबर आहे, पाणीच होतं. पण लोखंड ते नव्हतं. जुनी कोयती अख्खी पोलादाची नसायचीच रे बाबा, तेवढं पोलाद कुणाला परवडत होतं? अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी, बहुतेक जुनी कानस तोडून. लोखंडाला छिन्नीने फट पाडायची, त्यात पट्टी बसवायची, टाकणखार (बोरॅक्स) मारायचा आणि भट्टीत पार पांढरं होईस्तोवर, ठिणग्या फुलायला लागल्या की बाहेर आणि घण. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, गिऱ्हाईक आलं तरी बाहेर थांबायचं. जुळलं तर एकजीव, नाहीतर परत. अशा कोयतीला पाण्यात घातलं तर कडक फक्त ती पट्टी होते, मागचं मऊ अंग सगळा ताण गिळून टाकतं. आणि कानस म्हणजे साधं कार्बनचं पोलाद, त्याला पाणीच लागतं.

दुसरं म्हणजे अख्खी बुडवायचे नाहीत. नुसती धार, बोटाच्या पेराएवढी, ती पण पुढे-मागे हलवत, एका जागी धरली तर पाण्याच्या रेषेवरच चीर जाते. मग बाहेर काढायची, विटेच्या तुकड्याने धारेवरचं काळं चटकन घासायचं म्हणजे लोखंड उघडं पडतं, आणि बघत बसायचं. पाठीत उष्णता असते ती हळूहळू धारेकडे उतरते आणि रंग धावतात, आधी गवताच्या पेंढीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला पेंढी, कोयतीला जांभळा संपून निळा लागतो तिथे, की परत पाण्यात. हे सगळं एका तापात. बाबा नेहमी दिवेलागणीला करायचे, दुपारच्या उजेडात लाल रंग फसवतो म्हणायचे. आणि दोणीत आधी एक तापलेला तुकडा टाकून पाणी कोमट करायचे. थंडगार पाणी कधीच नाही. तू मात्र विहिरीचं घेतलं असणार, हो ना?

सगळ्यात कटकटे गिऱ्हाईक म्हणजे रेंदेर, माडावर चढून सूर, म्हणजे माडाचा रस, काढणारे. त्यांची काती अर्धगोल, रुंद, पातळ. माडाच्या पोयीचा (फुलोऱ्याचा) रोज कागदाएवढा काप काढायचा असतो, जाड निघाला तर पोय लवकर संपते, धार बोथट तर पोय चेंगरते आणि सूर नीट गळत नाही. काती घ्यायला आले की हातावरचे केस काढून बघायचे, नाय निघाले तर ठेवून जायचे. बाबा त्यांच्यासमोर कधी चिडायचे नाहीत, गेल्यावर चिडायचे.

आणि एक कबुली. ट्रकचे पाटे यायला लागले तेव्हा बाबांनी पण सवयीने पाण्यात घालून दोन-चार मोडल्याच. मग एक डबा तेल आलं भट्टीजवळ. तेव्हा तू काय फार वेगळा गुन्हा केला नाहीस.

---

नीरफणस

मला त्यातलं तांत्रिक काय कळत नाही पण वापरणारी मी आहे म्हणून लिहिते. माझी आदोळी (विळी) सासूबाईंच्या वेळची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली, अजून इसवण (सुरमई) कापते, दर चवथीच्या (गणपतीच्या) आधी धार लावून घेते. मधे हौसेने स्टेनलेसची घेतली, दिसायला चकाचक, दोन महिन्यांत धार गेली आणि नीरफणस कापताना पातं चक्क वाकलं. ती आता माळ्यावर आहे.

एवढंच सांगायचंय की आईला कोयती देण्याआधी तिच्या हातात नुसता लाकडी तुकडा त्या आकाराचा देऊन बघा. सगळे पुरुष स्वतःच्या मनगटाने वजन ठरवतात. आमचं मनगट दुखतं.

---

फोंडा_फॅब

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. राग मानू नका पण एवढं सगळं कशाला? लेझरने पट्टी कापून मिळते, हीट ट्रीटमेंट करणारे पण आहेत. तीन रविवार घालवून एक कोयती, तीपण मोडली. हौस म्हणून ठीक.

---

कीट_आणि_किटण

@फोंडा_फॅब हौसच आहे हो, त्याने कुठे म्हटलं धंदा आहे. पण हौशीवरून आठवलं, तुम्ही लोक 'रॉट आयर्न' (घडीव लोखंडाचं) गेट म्हणून जे विकता ना त्याबद्दल एकदा बोलायचंच होतं. माझ्या काकांनी एका ठिकाणी ॲडव्हान्स देऊन असंच गेट केलं, आलं ते एमएसचे चौकोनी पाइप आणि त्याला बाजारातून आणलेली तयार पानं-फुलं टाके मारून चिकटवलेली. दोन पावसाळ्यांत प्रत्येक टाक्यातून गंजाचे ओघळ, पाइप आतून सडला.

पणजीत फोंताईन्हासला जुन्या घरांच्या बाल्कन्या जवळून बघा कधी. ज्या खरोखर घडवलेल्या आहेत (सगळ्या नाहीत, बऱ्याच ओतीव बिडाच्या आहेत, एकाच साच्यातले सगळे कंगोरे तंतोतंत सारखे दिसतात त्यावरून ओळखता येतं) त्यांच्यात वेल्ड नाही. जोडावर पट्ट्याचं कडं तापवून आवळलेलं किंवा रिव्हेट. वेलांटीचं टोक मधोमध जाड आणि बाहेर निमुळतं होत गेलेलं, पाइप वाकवून ते होत नाही. आणि ते लोखंडच वेगळं, आत कीटाचे (मळीचे) धागे असतात, गंजलं की लाकडाच्या रेषांसारखं उकलतं. तसलं लोखंड आता भट्ट्यांतून येत नाही, जुनं मोडलेलं मिळालं तरच. त्यामुळे कुणाच्या घरी असली जुनी रेलिंग असेल तर कापून स्टेनलेस लावू नका, हात जोडतो.

---

फोंडा_फॅब

ओतीव वेगळं, घडीव वेगळं ते मला माहीत आहे 🙂 पण गिऱ्हाईक दर विचारतं आणि घडवलेल्याचा दर ऐकला की उठून जातं. हाताने वेलांटी वळवणारा माणूस माझ्याकडे होता, गल्फला गेला. तुमचे काका कुठे फसले माहीत नाही, माझ्याकडे नव्हे. बंद पाइपला खाली पाणी निचरायला भोक ठेवलं असतं तर एवढं सडलं नसतं, हे मात्र खरं.

---

आगरवाड्याचो

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. @भात्याकडचा_पोर हो, विहिरीचंच होतं आणि जूनचं, बर्फ. आईला पट्टीचं सांगितलं तर म्हणाली मग जुन्या कोयतीवर दोन रंग दिसायचे ते तेच असणार, धारेकडे उजळ आणि वर काळपट. माळ्यावरून काढून बघितली, खरंच, मधे एक नागमोडी रेघ आहे. लहानपणापासून बघत होतो, कधी विचारलं नाही.

आता दुसरी करतो. तेल कुठलं, किती? आणि तेलात घातल्यावर पुढे काय, निळा रंग घरच्या ओव्हनमध्ये कसा आणू, तो २५० वर जात नाही. शिवाय शेजारी ओरडतायत, दुपारी दोन ते चार ठोकायचं नाही असा ठराव झालाय.

---

कीट_आणि_किटण

दोन ते चार गोव्यात घण मारतोस? शेजाऱ्यांनी ठरावावर भागवलं हे नशीब.

तेल: शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, तळणाचं उरलेलं गाळून घेतलं तरी चालेल. खोबरेल पण चालतं पण आजच्या भावात कोण बुडवेल. इंजिनचं जळकं तेल नको, धूर घाण असतो. पाच लिटर तरी हवं, उभ्या लोखंडी डब्यात, प्लास्टिक बादली मनातसुद्धा आणू नकोस. तेल आधी ५०-६० डिग्री गरम कर, गरम तेल पातळ होतं आणि लवकर उष्णता ओढतं. डब्याचं झाकण हाताशी ठेव, पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. आणि हे अंगणात मातीवर कर, काँक्रीटवर नको. ओल्या काँक्रीटवर लालभडक तुकडा पडला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपचे उडतात, पावसाळ्यात तर हमखास.

त्याआधी, ठोकून झालं की तीनदा लाल करून हवेत गार होऊ दे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापव. वाऱ्यात नाही, नुसतं टांगून. दाणा बारीक होतो आणि ठोकण्याचा ताण निघतो. हे तू वगळलं होतंस असं धरून चालतो. मग चुंबक सोडेपर्यंत ताप, थोडं वर, धार खाली करून सरळ तेलात. वाकडं-तिकडं घातलंस तर पातं केळ्यासारखं वाकेल. गार झालं की कानस घासून बघ, काचेवर घसरल्यासारखी सरकली तर पाणी चढलं.

त्याच दिवशी ओव्हन, उद्या म्हणून ठेवायचं नाही, कडक झालेलं पातं रात्री ठेवल्या जागी पण चिरतं. २२०-२३० ला एक तास, गार, परत एक तास. कोयतीच्या धारेला एवढं पुरतं. पाठ मात्र अजून मऊ हवी, तर धार पाण्याच्या ताटात बुडवून ठेव आणि पाठीवरून ब्लोटॉर्च फिरव निळी होईपर्यंत. ओव्हन आईला विचारून घे, तेलाचा वास चार दिवस जात नाही.

---

भात्याकडचा_पोर

आणि हुकांचं. घरातले असतील तर ठोकून झाल्यावर तारेच्या ब्रशने घासायचे, हाताला चटका बसेल पण लाल नसेल एवढे गरम असताना मेण नाहीतर जवसाचं तेल चोळायचं, मस्त काळा रंग येतो. खाडीच्या वाऱ्यात बाहेर लावलेत तर हे टिकत नाही, मिठाचा वारा कुणाचा नातेवाईक नाही. तिथे प्रायमर-रंग. कोयतीला काय, वापरून झाली की पुसायची आणि खोबरेलाचं बोट फिरवायचं, आमच्याकडे भिंतीवर तेलाचं फडकंच टांगलेलं असायचं.

कुणाला धंदा म्हणून करायचं असेल तर केंद्राची विश्वकर्मा योजना आहे, सप्टेंबर २०२३ पासून, १८ कामांत लोहार आहे, हातोडे-अवजारं बनवणारे वेगळे धरलेत. ट्रेनिंगमध्ये दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार. मी नाव घातलं नाही, माझा भाता आता उंदरांनी खाल्लाय. पण पुतण्याला सांगितलंय.

---

आगरवाड्याचो

अपडेट. उशीर झाला, मधे चवथ आली, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला माझेच चार हुक वापरले 🙂

पाटा दुसरा घेतला, डिझेल-खडू केलं तर पहिल्याच तुकड्यात बोल्टच्या भोकाजवळ काळी रेघ! तो भाग कापून टाकला. तीनदा हवेत गार केली. नीरफणसताईंचं ऐकून आधी लाकडी तुकडा दिला, आईने दोन बोटं आखूड करायला लावली आणि पाठ पातळ. तेलात दिवेलागणीला घातली. टिंग नाही. आम्ही दोघं पाच मिनिटं डब्याकडे कान लावून बसलो होतो, आईसुद्धा. कानस सरकली. ओव्हनचा वास अजून येतोय, केक बंद आहेत.

पातं उजवीकडे किंचित वाकलंय, दोरा धरला तर दिसतं. मूठ जांभळीच्या जुन्या लाकडाची, मागचं टोक तापवून जाळत आत बसवलं आणि तोंडाला कडं. काल आईने पंधरा नारळ सोलले, धारेला काही नाही. सोळावा फोडताना एक बारीक खांड पडली, तांदळाच्या कणीएवढी.

खांड पडली म्हणजे अजून कडक राहिली का? परत ओव्हनला घालू?

---

भात्याकडचा_पोर

खांड आहे की वळलीय ते नख फिरवून बघ. तुटून गेली असेल तर कडक, ओव्हन जातो तितक्या २५० वर अजून एक तास. एका बाजूला दुमडली असेल तर मऊ, मग परत तापवून तेलात. आणि आईला विचार नारळाच्या कुठल्या जागी मारली, डोळ्यांच्या बाजूला मारली असेल तर बाबांची पण खांडली असती.

---

आगरवाड्याचो

तुटलीय. आई म्हणते डोळ्यांकडेच मारली होती.